भरणगावची उतराई

एका नदीच्या काठी चार गावं होती आणि चौघांचा मिळून एक बांध होता. पावसाळा सरून नदी उतरली, की चारही गावची माणसं पात्रात उतरत. दगड, माती, पळसाच्या फांद्या घालून बांध उभा करत. अडलेलं पाणी पाटानं शेतात जाई आणि गहू-हरभरा तरारून येई. बांध पुरा झाला की तिथेच नदीकाठी सगळ्यांचं एक जेवण होई. या चार गावांच्या जुटीला लोक चौगाव म्हणत.

चौघांत भरणगाव थोरलं. बांध त्याच्या शिवेत, पाटाचं पहिलं पाणी त्याला. मग कुंभेरी, मग शेलगाव. चौथी माथेवाडी, ती डोंगरावर. पाणी काही डोंगर चढत नाही, त्यामुळे माथेवाडीला पाटाचा थेंबही मिळत नसे. तरी तिची माणसं दरवर्षी बांधाच्या कामाला येत, आणि सुगीला खालची तिन्ही गावं आपापल्या खळ्यावरून तिला धान्य पोचवत. का पोचवत, ते खाली कोणालाच ठाऊक नव्हतं. जुनी रीत, एवढंच. रीत जुनी झाली की आधी तिचं कारण मरतं आणि ती मात्र जगत राहते.

भरणगावचा पाटील हैबती. माणूस सरळ, कष्टाळू, शब्दाला जागणारा. एकच खोड होती. आपण ओढतो तेवढं दुसरं कोणी ओढत नाही, असं त्याला कायम वाटे. एका वर्षी त्यानं पाहिलं, की शेलगावची माणसं उन्हं वर आल्यावर उगवली. कुंभेरीकरांनी आणलेले दगड मुठीएवढे होते. माथेवाडीकर तर रिकाम्या हातानं आले आणि पंगतीला मात्र पहिल्या ओळीत बसले. पाटलाला जेवण गोड लागलं नाही. बांध आमच्या शिवेत, पाणी आमच्या दारात, मग ह्या सगळ्यांची ओझी आम्ही का वाहायची, असं तो हात धुता धुता बोलला. भरणगावानं चौगावातून बाहेर पडावं, असंही बोलला.

झालं. गावाला विषयच हवा होता. गावात दोन तट पडले, एक जाऊवाल्यांचा आणि एक राहूवाल्यांचा. जाऊवाल्यांचा पुढारी पाटील. राहूवाल्यांचा पुढारी राणोजी चौगुला, म्हणजे पाटलाचा लहानपणापासूनचा सोबती. पाटील म्हणे, एकटं राहिलो तर पाणी जास्त मिळेल आणि सुगीला खळं कोणापुढे रितं करावं लागणार नाही. राणोजी म्हणे, एकट्या गावाला बांध झेपायचा नाही, आणि बाहेर पडलो तर कुंभेरीच्या बाजारात आपला गूळ कोण विचारणार? चावडीवर रोज दोघांची जुंपे. नीट कान देऊन ऐकलं असतं, तर दोघं एकच प्रश्न विचारत होते: आपल्याला काय मिळेल?

पण नीट कान देतो कोण? पाणवठ्यावर बायका घागरी बाजूला ठेवून भांडू लागल्या. एका लग्नात जाऊवाले एका ओळीत बसले आणि राहूवाले दुसऱ्या, आणि वाढपी बुंदीची परात घेऊन मधेच उभा राहिला. आधी कुठे वाढावं, हेच बिचाऱ्याला कळेना. गावचा न्हावी कट्टर जाऊवाला. अर्धी दाढी झाली की तो वस्तरा थांबवून विचारी, "तुमी कुनाकडचं?" गिऱ्हाईक वस्तऱ्याकडे बघून उत्तर देई. त्यामुळे सगळं गाव आपल्याच बाजूचं आहे, असं न्हाव्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

अखेर मत घ्यायचं ठरलं. घरटी एकानं यायचं आणि चावडीतल्या रांजणात हात घालायचा. राहायचं असेल तर जोंधळ्याची मूठ सोडायची, जायचं असेल तर नदीतला खडा.

पण त्याआधी एक रीत पुरी करणं भाग होतं. चौगाव उभं करणाऱ्या माणसांनी ती घालून दिली होती. जो जाऊ म्हणेल त्याला अडवायचं नाही. मात्र निघण्याआधी त्यानं उतराई करायची. म्हणजे प्रत्येक गावात जायचं, हातात बेलभंडारा घ्यायचा, आणि त्या गावाकडून आपल्याला काय मिळालं, ते एक तरी सगळ्यांसमोर सांगायचं. सांगायचं ते खरंच. ऐकणाऱ्यांनी उलट काही बोलायचं नाही. चारही गावांच्या आठवणीत उतराईची वेळ कधी आली नव्हती, तरी रीत मात्र सर्वांना पाठ होती. सोबत विरुद्ध बाजूचा एक साक्षीदार न्यायचा असतो, म्हणून पाटलाबरोबर राणोजी निघाला.

कुंभेरीत काही अडचण आली नाही. एका साली गारपिटीनं भरणगावचं सगळं पीक झोडपलं होतं, तेव्हा पेरायला जोंधळा कुंभेरीनं दिला होता. पाटलानं ते सांगितलं. शेलगावातही अडलं नाही. गुरांच्या साथीत भरणगावचे गोठे ओस पडले, त्या वर्षी शेलगावच्या बैलांनी भरणगावची रानं नांगरली होती. पाटलानं तेही सांगितलं. त्याचा आवाज सरकारी दवंडीसारखा कोरडा होता. शेलगावची म्हातारी माणसं मात्र डोळे पुसत होती, कारण ते बैल त्यांचे होते.

मग राहिली माथेवाडी, आणि पाटील अडला.

माथेवाडीनं दिलं काय? पाटलानं आठवून पाहिलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "खायला येत्यात, आनखी काय?" पाटलाच्या बाजूचा एक जण म्हणाला, की काहीही सांगून टाकू, आशीर्वाद दिले म्हणू, कोण तपासायला बसलंय? पाटील त्याच्यावर असा उखडला, की तो पुन्हा चावडीकडे फिरकला नाही. बेलभंडारा हातात घेऊन खोटं बोलायचं असेल, तर चौगावात राहिलेलं काय वाईट, असं पाटील त्याला म्हणाला. हट्टी होता, पण खोटा नव्हता.

नाइलाजानं त्यानं राणोजीला विचारलं. राणोजी हसला. "मला कुटं जायाचंय? जायाचंय तुला. मंग शोधायचंबी तूच." राहणाऱ्याला आभाराचं कारण शोधावं लागत नाही, असं राणोजीला वाटत होतं. त्याची चूक पाटलाच्या चुकीपेक्षा लहान होती, असं मला काही वाटत नाही.

शेवटी दोघं सकाळीच डोंगराला लागले. दोघांनाही माथेवाडीला जाऊन वर्षं लोटली होती. माथेवाडीकरच खाली येत, वर कशाला कोण जाईल? वाट दाट रानातून होती. ऐन, जांभूळ, हिरडा, एकेका झाडाला दोघांची कव पुरू नये असे बुंधे. पायांखाली पानांचा ओलसर थर, आणि जागोजागी झरे. झरा ओलांडायला दोघांना एकमेकांचा हात धरावा लागला. कित्येक दिवसांत ते एकमेकांशी भांडणाशिवाय बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत, पण हात धरला.

माथेवाडीचा म्होरक्या गेनबा. त्यानं दोघांना घरात घोंगडीवर बसवलं आणि त्याची बायको धोंडाई भाकरी करायला बसली. घरभर धूर झाला. चुलीत ओलसर शेणी आणि पालापाचोळा. ती फुंकून फुंकून बेजार झाली, जाळ काही धरेना. पाहुण्यांचे डोळे चुरचुरू लागले. ताटात पडलेली भाकरी कडेला करपलेली आणि मधे कच्ची होती. पाटलाला वाटलं, चौगाव सोडायची भाषा करतो म्हणून हा राग काढलाय. तो जरा तिरकसच म्हणाला, की एवढं रान उशाला घेऊन झोपता आणि चुलीला लाकूड मिळत नाही?

गेनबाला त्या बोलण्यातलं तिरकं कळलंच नाही. त्यानं सरळ उत्तर दिलं.

"न्हाई तोडत, पाटील. आमच्या आज्याच्या आज्याच्या वक्ताला हा डोंगर बोडका हुता. आमची मानसं झाडं तोडायची, कोळसा पाडायची, इकायची. खाली नदी संक्रांतीलाच आटायची. तुमचा बांध हुता, पर अडवायला पानी नसायचं. तवा तुमचं वाडवडील वर आलं. त्या आज्यानं शबूद दिला, ह्या रानाला कुऱ्हाड लागनार न्हाई. तुमच्यांनी शबूद दिला, माथेवाडी उपाशी ऱ्हानार न्हाई. तवापासनं वाळकं पान आन शेन, एवढंच जाळतो. पडलेलं लाकूडबी उचलत न्हाई. एकदा उचलायची सवय लागली, की हात झाडाला जातोय."

पाटील घास हातात धरून बसला. सुगीला खळ्यावरून जाणारं धान्य त्याला डोळ्यांपुढे दिसू लागलं. आयुष्यभर तो त्याला दान समजत आला होता. ते दान नव्हतं. तो अर्धा शब्द होता, आणि दुसरा अर्धा ही माणसं डोळे चुरचुरत पिढ्यान् पिढ्या पाळत होती. पाटाचा एक थेंब त्यांच्या रानाला कधी लागला नव्हता.

मग त्यानं विचारलं, "आन आमी भाईर पडलो तर?"

गेनबानं बायकोकडे पाहिलं. चुलीपासून न उठता धोंडाईच बोलली. "तुमचा शबूद तुमच्यापाशी, पाटील. तो ठेवायचा का मोडायचा, तुमी बघा. आमचा त्या आज्यानं दिलाय. पोटाचं कायतरी बघू, पर रानाला कुऱ्हाड न्हाई लागायची." मग ओशाळून तिनं पुढे जोडलं, "भाकरी कच्ची ऱ्हायली, रागावू नगा."

पाटलानं ती भाकरी सगळी खाल्ली. राणोजीनंही खाल्ली.

दुपारी माथेवाडीची माणसं देवळापुढे जमली. आता आपल्या तोंडावर काय ऐकावं लागणार, या धास्तीनं सगळे खाली मान घालून बसले होते. आपण कोणाला काही दिलंय, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पाटलानं बेलभंडारा हातात घेतला. मग तो म्हणाला,

"माथेवाडीनं आमाला नदी दिली."

तो खाली वाकला आणि गेनबाच्या पायांना हात लावला. पाटील पाया पडतो म्हटल्यावर गेनबा इतका गडबडला, की त्यानंही वाकून पाटलाचे पाय धरले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. माथेवाडीकरांना हसू आवरेना. रीतीप्रमाणे उलट बोलायचं नव्हतं, हसायला मात्र बंदी नव्हती.

उतरताना राणोजी निम्म्या वाटेवर थांबला. मग म्हणाला, "हैबती, मी ऱ्हाऊ म्हनत हुतो ते गुळासाठी. तुझ्यापरास मी शाना न्हवतो." पाटलानं नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पाटलानं वर जे पाहिलं ते सगळं गावाला सांगितलं. त्याच्या बाजूची माणसं चुळबुळली. आता आम्ही रांजणात काय टाकायचं, असं त्यांनी विचारलं. पाटील म्हणाला, की ते ज्याचं त्यानं ठरवायचं, त्यासाठीच तर मत आहे, मी माझं टाकतो. आणि त्यानं सगळ्यांदेखत रांजणात जोंधळ्याची मूठ सोडली. त्याच्यामागून माणसं येत राहिली. संध्याकाळी रांजण उपडा केला, तेव्हा जोंधळ्याची रास पडली. थोडे खडेही निघाले. ते कोणी टाकले, हे कोणी विचारलं नाही, आणि ती माणसंही पुढच्या बांधाला सगळ्यांबरोबर पाण्यात उतरली.

भरणगाव चौगावातच राहिलं. म्हणून काही सगळे एका रात्रीत गुणी झाले नाहीत. शेलगावकर पुढच्या वर्षीही उन्हं वर आल्यावरच उगवले, आणि पाटील त्यांच्यावर ओरडलाही. पण बांधाच्या जेवणाला त्यानं माथेवाडीकरांना स्वतः हाताला धरून पहिल्या ओळीत बसवलं आणि स्वतः वाढलं.

त्या सुगीला आणखी एक गोष्ट झाली. खळी उरकल्यावर भरणगावच्या गाड्या डोंगराला लागल्या. एरवी त्यांत धान्याची पोती असत. यंदा पोत्यांच्या मागून शेतांच्या बांधांवरच्या बाभळींचं वाळकं लाकूड आणि तुरकाट्यांचे भारे भरलेल्या गाड्या होत्या, भरणगावच्या घराघरानं वाटा घातलेल्या. चढ अवघड होता. बैल थकले तिथे जाऊवाल्यांनी आणि राहूवाल्यांनी मिळून चाकांना खांदे दिले. गेनबा धावत पुढे आला. लाकडं पाहून तो घाबरलाच.

"पाटील, धान्य ठीक हाय. पर ही लाकडं कशापाई? आमी एवढं काय केलं?"

हैबती पाटलानं मागे पसरलेल्या गर्द रानाकडे पाहिलं आणि गाडीतला पहिला भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"तुमी जे केलं न्हाई, गेनबा, त्याच्यावर आमी जगलो."

तात्पर्य: सोबत राहावं की वेगळं व्हावं, हे ज्याचं त्यानं खुशाल ठरवावं, पण ज्यांनी न बोलता दिलं त्यांच्या दारी एकदा जाऊन, उतराई करूनच ठरवावं.