गवताच्या पात्यांवरची जकात

त्या राज्यात पक्षी पुष्कळ होते, पण घरटं विणण्याची कला फक्त सुगरणींना येत होती. बाकीचे पक्षी दाणे देऊन त्यांच्याकडून घरटी घेत. पुढे नदीपलीकडून तयार घरटी येऊ लागली. ती वारा सुटला की उसवत, पण निम्म्या दाण्यांत मिळत. सुगरणींनी विणलेली घरटी फांद्यांवर तशीच लोंबकळत राहिली.

भागा ही त्यांच्यातली जुनी विणकरीण. तिच्या दोन बहिणी विणणं सोडून उकिरड्यावर दाणे वेचायला गेल्या, तेव्हा ती दरबारात गेली.

"बाहेरची घरटी थांबवा," ती व्यापारमंत्री करकोच्याला म्हणाली. "नाहीतर आमची चोच विणणं विसरेल."

"बाई, तुमच्यासाठीच तर हे राज्य आहे," करकोचा एका पायावर उभ्याउभ्या म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पलीकडून येणाऱ्या सगळ्यावर जबर जकात बसवली. सुगरणींनी भागाला फुलांनी मढवलं.

आठवड्याने भागा गवत आणायला गेली. विणायचं लांब, चिवट गवत पलीकडून येई. जकातीमुळे ते आता परवडेना. अलीकडे तसं गवत एकाच माळावर उगवे, आणि तो माळ रानडुकराचा. त्याने भाव तिप्पट केला होता.

"घ्यायचं तर घ्या," चिखलात लोळत तो म्हणाला. "आता दुसरीकडे जाणार कुठे?"

भागा तडक दरबारात पोचली. "जकात घरट्यांवर मागितली होती. गवतावर कुणी सांगितली?"

"देशी गवताला संरक्षण नको?" करकोचा म्हणाला. त्याच्या चोचीत रानडुकराच्या डबक्यातला बेडूक तडफडत होता.

सुगरणींचं विणणं थांबलं. बाजारात मात्र पुन्हा घरटी दिसू लागली. तीच, पलीकडची. रानडुकराला जकात माफ होती; शेवटचा टाका तो इथे घालतो, असं करकोच्याने लिहून दिलं होतं.

अंडी घालायचे दिवस जवळ आले. पोटात दाणा नव्हता. भागाने माळावर काम मागितलं आणि रानडुकराने ते हसत दिलं.

त्या वर्षी देशी घरटी दुप्पट झाल्याची दवंडी पिटली गेली. ती ऐकू आली तेव्हा भागा माळावर उभी होती. रानडुक्कर नदीपलीकडचं एकेक घरटं नाकाडाने पुढे ढकलत होता, आणि प्रत्येकावर ती लाल चिखलात बुडवलेला आपला पाय 'देशी'चा शिक्का म्हणून दाबत होती.