शिरसुंडीच्या शाळेत खुर्ची का नाही

त्या दगडावरून आधी पाय काढा. फोटो काढायचा तर बाजूला उभे राहून काढा. इथे शिकलात, दहा वर्षं याच अंगणातून ये-जा केलीत, आणि तरी नेमके त्यावरच उभे राहता.

हा काळा दगड. त्यात दोन पावलं कोरलेली आहेत, अकरा-बारा वर्षांच्या पोराची असावीत एवढीच. समोर ओसरी, ओसरीच्या आत वर्ग. शिरसुंडीच्या या मुलांच्या शाळेत बाकं आहेत, फळे आहेत, आता संगणकही आला आहे. खुर्ची मात्र एकही नाही. मास्तर उभे राहून शिकवतात, हेडमास्तर उभ्या उभ्या सह्या करतात. मीसुद्धा अडतीस वर्षं शिपायाची नोकरी दारात उभं राहून केली. आज तुम्ही सत्त्याऐंशीच्या तुकडीचे लोक टेम्पो भरून खुर्च्या घेऊन आलात. मास्तरांचे पाय दुखत असतील म्हणता. शाळेत होतात तेव्हा कधी विचारलं होतं का हो?

"येसूमामा, ते नंतर सांगा, आधी खुर्च्या उतरवू," असं मघाशी हे सरपोतदार म्हणाले. उतरवू नका. आधी ऐका.

फार जुनी गोष्ट आहे. शाळा तेव्हा एका खोलीची, मुलं बत्तीस, आणि मास्तर एकच, नागेशमास्तर. माणूस सरळ, पण शिस्तीला फार कडक. त्यांची हातांची खुर्ची ओसरीवर असे. शाळेला संस्थानातून पृथ्वीचा गोल मिळाला होता. पंचक्रोशीत दुसरा नव्हता. लोक जत्रेला यावं तसे तो पाहायला येत म्हणे.

त्या मुलांत गेनू होता, पाथरवटाचा. या पायऱ्या त्याच्या बापानेच घडवलेल्या. पाथरवटाच्या पोराला एक खोड असते, दिसेल ते ठोकून पाहायचं. दगड सलग आहे की आत चीर आहे, हे त्यांना आवाजावरून कळतं. त्याने एक दिवस बोटाने गोल ठोकला आणि सांगितलं, "ह्यो आतनं पोकळ हाय." सगळा वर्ग हसला. पृथ्वी कधी पोकळ असते का?

दुसऱ्या दिवशी गोल दुभंगलेला सापडला, नारळ फुटावा तसा.

मास्तरांनी गेनूला बोलावलं. तो म्हणाला, "म्या न्हाई फोडला, गुरुजी." मास्तरांनी त्याला अंगणातल्या या दगडावर उभं केलं, खरं बोलशील तेव्हा सावलीत ये म्हणून सांगितलं, आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसले. चैत्राचं ऊन होतं. शाळा सुटेपर्यंत तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आला तो आपणहून इथे येऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. दर तासाला मास्तर विचारत आणि तो तेच उत्तर देई. आत एकतीस मुलं पाढे म्हणत होती. असं सांगतात, की त्या तीन दिवसांत पाढ्यांत एकही चूक झाली नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटची घंटा झाली, तसं गेनूने दप्तर उचललं आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाथरवटांची पालं उठली. कुठे गेली, कुणालाच कळलं नाही.

खरं बाहेर आलं ते दिवाळीनंतर. देसायांच्या बापूने, गोल खरंच पोकळ आहे का ते पाहायला, घंटेचा हातोडा त्याच्यावर हाणला होता, मास्तर यायच्या आधी, भर वर्गात. एक पोरगा खेळताना हे बोलून गेला. मास्तरांनी सगळा वर्ग उभा केला. किती जणांनी पाहिलं होतं? सगळ्यांनी. मग बोलला का नाहीत? तेव्हा मागच्या रांगेतून उत्तर आलं, "तुमी आमाला कुठं इचारलं, गुरुजी? त्येलाच इचारत हुता."

मला विचाराल तर या शाळेतला पहिला हुशार मुलगा हे उत्तर देणारा. तेव्हापासूनचे सगळे त्याच्याच वळणावर गेलेत. राग येत असेल तर येऊ द्या.

पण मास्तरांनी ते उत्तर मनाला लावून घेतलं. त्यांनी खुर्ची अंगणात आणली, कुऱ्हाडीने फोडली आणि पण केला: गेनू येऊन 'बसा' म्हणेपर्यंत या शाळेत कुणी मास्तर बसणार नाही.

बावीस वर्षं ते उभे राहिले. पाय सुजून खांबासारखे झाले म्हणे. कुणी म्हणतात, ते झोपतसुद्धा उभ्यानेच. मला ते पटत नाही. माणूसच होते, घरी टेकत असतील. शाळेत मात्र नाही.

लोक तुम्हाला सांगतील, गेनू परत आलाच नाही. आला होता. माझा आजा तेव्हा इथे शिपाई होता, त्याने पाहिलं. भर दुपारी एक दाढीवाला माणूस खांद्यावर छिन्नी-हातोड्याची पिशवी घेऊन अंगणात आला. मास्तर ओसरीच्या खांबाला धरून शिकवत होते. त्यांनी ओळखलं. पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. समोर आले, हात जोडले आणि म्हणाले, "गेनू, मी उभा आहे रे."

"दिसतंय," तो म्हणाला.

एवढंच. मग तो खाली बसला आणि ज्या दगडावर तीन दिवस उभा होता, त्यात त्याने ही पावलं कोरली. आता मोठा झाला होता, पण मापं त्या वेळचीच धरली. मास्तर त्याच्यासमोर उभे होते, एका शब्दाची वाट पाहत. काम झालं. गेनूने दगडावरचा चुरा हाताने झाडला, छिन्नी पिशवीत टाकली, आणि आला तसा गेला. 'बसा' म्हणाला नाही.

माझ्या आज्याला त्याचा राग नव्हता, मलाही नाही. त्या एकतीस जणांचा मात्र आहे. ते मोठे झाले, माजी विद्यार्थी झाले, मास्तरांना हार घालायला दरवर्षी येत राहिले. गेनूला शोधायला त्यांच्यातला एकही गेला नाही.

आजही शिरसुंडीच्या शाळेत मास्तर उभे राहूनच शिकवतात. 'बसा' म्हणायचा अधिकार एकाचाच होता, आणि तो ते न म्हणता गेला. तो अधिकार माझ्याकडे आलेला नाही, तुमच्याकडे तर नाहीच नाही. खुर्च्या चांगल्या आहेत, घरी न्या. टेम्पो वळवायला विहिरीपाशी जागा आहे. वळवताना चाक या दगडावर येऊ देऊ नका.