एकदाच उच्चारायचा शब्द

ज्या काळाची नोंद आता कुणाच्याच पंचांगात सापडत नाही, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकता ऐकता आपल्याशी ताडून पाहावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी तलाव होता. तलावातून एक पाट निघे आणि नऊ गावांना पाणी देत जाई. पहिलं गाव मुखवाडी, शेवटचं टोकवाडी. नवव्या दिवशी नववं गाव, अशी प्रत्येकाची पाळी ठरलेली होती.

या गावांना राजा नव्हता. प्रत्येक गाव आपला एक माणूस निवडी आणि तलावाकाठच्या नऊ दगडांवर या नऊ जणांची सभा बसे. शिवाय नऊही गावं मिळून एक राखणदार निवडत. तलावातलं पाणी पाटात सोडणाऱ्या मोरीचं दार उघडण्याचा लाकडी दांडा राखणदाराच्या हाती असे.

नियम फार थोडे होते. सभेनं ठरवावं, राखणदारानं करावं. सभेनं दांड्याला हात लावू नये आणि सभेनं ठरवल्यावाचून राखणदारानं दार हलवू नये. सभेचं चुकतंय असं वाटलं, तर राखणदारानं एकच शब्द बोलावा, ‘पुन्हा’. तोही एका प्रश्नावर एकदाच. मग सभा जे ठरवील ते निमूट करावं.

त्या वेळी राखणदार होती गोजराबाई. तिचं माहेर टोकवाडीचं. टोकवाडीचे लोक विड्याच्या पानांचे मळे करत. पानवेल एकदा वाळली की नवी लावून उभी करायला तीन वर्षं लागतात.

एका उन्हाळ्यात तलाव खूप खाली गेला. सभा बसली. मुखवाडीचा हैबतराव उठला. आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या.

“पाणी उरलंय माझ्या कमरेएवढं,” तो म्हणाला. “टोकवाडीला सोडलेलं पाणी वाटेतच आटतं. त्यांना पोचत नाही आणि आपलंही जातं. पावसापर्यंत त्यांची पाळी बंद करा.”

टोकवाडीचा माणूस होता तुळाजी, गोजराबाईचा धाकटा भाऊ. तो ओरडला, “आटत नाही, तुम्ही वरचे लोक मधेच अडवता!”

“कुणी पाहिलं?”

“पाहायला कशाला हवं? दरवर्षीचंच आहे.”

आठ हात वर झाले. एक खाली राहिला. टोकवाडीची पाळी बंद झाली.

सगळ्यांनी गोजराबाईकडे पाहिलं. ती दांड्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, “पुन्हा.”

हैबतराव हसला. “माहेरचा पुळका आला बाईंना!”

गोजराबाईचा चेहरा लाल झाला. तो शब्द गेल्या चाळीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. पुढं काय करायचं तेच सभेला आठवेना. अखेर पाचव्या गावचे लिंबाजी आबा घसा खाकरून म्हणाले, “मी पोरगा असताना पाहिलं होतं. ‘पुन्हा’ म्हटलं की दगड बदलायचे. चिठ्ठी निघेल त्या गावच्या दगडावर बसायचं आणि त्या गावच्या वतीनं बोलायचं. पण बसण्याआधी त्या गावात जाऊन तिथलं पाणी पिऊन यायचं. मुदत तीन दिवसांची.”

“पाणी पिऊन काय कळणार?” हैबतराव म्हणाला.

“ते पिणाऱ्याला ठाऊक,” आबा म्हणाले.

चिठ्ठ्या काढल्या. हैबतरावाच्या हाती आली टोकवाडी. सभा पोट धरून हसली. तुळाजीसुद्धा हसला.

पण सभा उठल्यावर तो बहिणीपाशी आला. “अक्का, चार दिवसांनी आमची पाळी होती. दांडा तुझ्या हातात आहे. त्या दिवशी तू दार उघड, कोण अडवतंय ते बघतो.”

“तुळा, आज मी भावासाठी उघडलं, तर उद्या दुसरी कुणी दिरासाठी मिटेल. मग या दगडांवर बसायचं कशाला?”

“वेली माना टाकायला लागल्यात गं.”

“दिसतंय मला. त्याच मळ्यांत वाढले मी.” एवढं बोलून ती तोंड फिरवून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी हैबतराव टोकवाडीत पोचला. ऊन तापलं होतं. पहिल्याच घरात त्यानं पाणी मागितलं. एका म्हातारीनं त्याच्या हाती अर्धी वाटी ठेवली.

“पाहुण्याला अर्धी वाटी?” तो म्हणाला.

“सकाळपासून झिऱ्यात एवढंच जमलंय, बाबा. घ्या, संकोच करू नका.”

हैबतराव ती अर्धी वाटी प्यायला. त्याच्या गावात म्हशी दिवसभर पाटात डुंबत.

म्हातारीचा निरोप घेऊन तो कोरड्या पाटाच्या कडेकडेनं वर चालू लागला. एक गोष्ट त्याला छळत होती. त्या दिवशी आठव्या गावाची पाळी होती आणि येतानाच त्यानं पाहिलं होतं, गाव ओलांडूनही पाट काठोकाठ वाहत होता. मग पाऊण कोसात पाणी आटेल कसं?

दोन गावांच्या हद्दीवर करवंदीची दाट जाळी होती. तिथं त्याला गुळगुळ आवाज आला. काटे लागत होते तरी तो आत शिरला. पाटाच्या तळाला खेकड्यांनी बिळं केली होती. बिळांचं झालं होतं भगदाड आणि त्यातून सगळं पाणी खडकाखाली जात होतं. तो तुकडा आठव्या गावाचा नव्हता आणि टोकवाडीचाही नव्हता. प्रत्येक गाव आपापला पाट साफ करी. हा तुकडा दुसऱ्याचा, असं दोघांनाही वाटत आलं होतं. वरचे पाणी अडवतात या खात्रीपायी टोकवाडीकरांनीही कधी जाळीत डोकावून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभा बसली, प्रत्येक जण दुसऱ्याच्या दगडावर. टोकवाडीच्या दगडावरून हैबतराव उठला. हातांवर ओरखडे होते, मिशीत करवंदीचं पान अडकलं होतं, पण या वेळी कुणी हसलं नाही.

“आमच्या टोकवाडीला,” तो म्हणाला आणि क्षणभर अडखळला, “आमच्या टोकवाडीला अर्धी वाटी पाणी मिळतं. उरलेलं तुम्हालाही मिळत नाही. ते खेकडे पितात.” मग त्यानं पाहिलेलं सगळं सांगितलं.

सभेनं नवं ठरवलं. पाट कोरडा केल्याशिवाय भगदाड बुजणार नव्हतं. म्हणून चार दिवस मोरी पूर्ण बंद. नऊही गावांनी कामाला यायचं. तोवर आठ गावांनी तलावातून कावडीनं पानमळ्यांना पाणी घालायचं. काम झालं की पहिली पाळी टोकवाडीची.

“चार दिवस फार होतात,” गोजराबाई म्हणाली. “कावडीनं मळे जगायचे नाहीत. दोन दिवसांत उरका.”

लिंबाजी आबा हळू आवाजात म्हणाले, “पोरी, दोन दिवसांत चुना धरत नाही. आणि तुझा शब्द तू वापरलास.”

तिनं मान हलवली. ज्या हातांनी भावासाठी दार उघडलं नव्हतं, त्याच हातांनी तिनं दांडा फिरवला आणि माहेरावर पाणी बंद केलं. डोळे पुसले आणि पहिली कावड तिनंच खांद्यावर घेतली.

ते चार दिवस नऊ गावं कधी विसरली नाहीत. कुणी दगड आणले, कुणी चुना मळला. कावडींची रांग तलावापासून टोकवाडीपर्यंत लागली. हैबतराव गुडघाभर चिखलात उभा राहून खेकडे वर फेकत होता आणि प्रत्येकाला ओरडून सांगत होता, “हा घ्या, तुमचा पाणीचोर!”

पाचव्या दिवशी सकाळी सभेनं हात वर केले. नऊच्या नऊ. गोजराबाईनं दार उघडलं.

पाणी धावलं आणि त्याच्यापुढं पोरं धावली. आठवं गाव मागं पडलं, करवंदीची जाळी मागं पडली, आणि पाणी टोकवाडीत खळाळत शिरलं. ढोल वाजले. पानमळ्याच्या दोन ओळी वाळल्या होत्या. बाकीचा मळा तरारला. त्या म्हातारीनं तांब्या काठोकाठ भरला आणि हैबतरावापुढं धरला. “घ्या पाहुणे, आज पोटभर.”

त्या आनंदात गर्दीतून कुणी ओरडलं, “सभा हवी कशाला? सगळं गोजराबाईंनीच ठरवावं!”

गोजराबाई हसली. “तलावावर बसून मला खेकड्याचं बीळ कधी दिसलं नसतं. आणि मी म्हणाले तसं दोन दिवसांतच उरकलं असतं, तर ते पुन्हा फुटलं असतं.”

“आणि बाईंनी अडवलं नसतं,” हैबतराव म्हणाला, “तर मी त्या जाळीत कशाला मरायला गेलो असतो?”

पुढच्या पावसाआधी सभेनं हद्दीवरच्या त्या तुकड्याची सफाई दोन्ही गावांकडे सोपवली. गोजराबाईचा दांडा तिच्याकडेच राहिला, सभेचे दगड सभेकडे राहिले, आणि टोकवाडीची पाळी त्यानंतर कधी चुकली नाही.

तात्पर्य : अधिकार वाटून घेतल्यानं घटत नाही, घटते ती चूक.