ठकूच्या तळ्यावरचं जावळ

आधी ते हातातले दगड खाली टाका बघू! शाळेची सहल आली म्हणून काय झालं? या तळ्यात दगड मारायचा नाही. आणि काठावर छोटी बेडकं येईपर्यंत इथं मेंढरांनासुद्धा पाणी पाजायचं नाही, असा आमच्या धनगरवाड्याचा रिवाज आहे. का? बसा, सांगतो.

फार मागं इथं ठकू नावाची पोर होती म्हणे. त्या साली वाड्यातल्या पोरांना सांभाळायला एकेक कोकरू मिळालं. ठकूचं तेवढं दगावलं. रडून रडून पोरीचे डोळे सुजले. मग एके दिवशी तिला या तळ्यात काळी, शेपटीवाली, इवली इवली पिल्लं दिसली. "ही माझी," म्हणाली. रोज येऊन त्यांच्याशी बोलत बसायची.

पुढं पावसानं ओढ दिली. तळं आटत आलं, मेंढरं तहानली. ठकूचा बाप म्हाकू कळप घेऊन आला, तशी ही आडवी उभी राहिली.

"आबा, माझी पोरं तुडवली जातील!"

बापाला पोरीची दया आली. कळप वळवून तो लांबच्या ओढ्यावर घेऊन गेला, असं सांगतात. मग रोजच तिकडं जाऊ लागला.

पण एका सकाळी ठकू येऊन बघते तर पाण्यात एकही पिल्लू नाही! काठावर नुसती बेडकं. आता धनगराच्या पोरीला काय ठाऊक? कोकरू जन्मल्यापासून मेंढीसारखंच दिसतं. हिला वाटलं, या मेल्या बेडकांनीच माझी पिल्लं खाल्ली. तिनं दगड उचलला. तेवढ्यात म्हाकूनं तिचा हात धरला आणि एक बेडूक दाखवलं. त्याला चार पाय फुटले होते, पण मागं शेपटीचा काळा तुकडा अजून होता.

ठकूला आणखीच रडू कोसळलं. "ही आता माझी राहिलीच नाहीत!"

"येडी गं माझी बाय," म्हाकू म्हणाला. "तुझं जावळ काढलं तेव्हा तूही ओळखू येत नव्हतीस. म्हणून काय आम्ही तुला टाकलं?"

ठकूनं हातातला दगड हळूच खाली ठेवला.

आजही बेडकं काठावर आली की आमच्या लेकरांचं जावळ इथंच काढतात. मामाच्या मांडीवरचं ते बोडकं, रडवेलं लेकरू आईकडे देताना मामा विचारतो, "ओळखलंस का गं?"

आई त्याला छातीशी धरते आणि म्हणते, "माझंच आहे."