धाकूने दोर टाकला

एका खाडीकाठच्या बंदरात एक भोळा खलाशी होता. नाव धाकू. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. तिथंच तर सगळा घोळ होता.

टगबोटीचा सारंग, म्हणजे कप्तान, त्याचा सख्खा मामा, हिराजी. टग दिसायला एवढीशी, पण डोंगराएवढी जहाजं ओढून धक्क्याला लावायची. "आठशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात," मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशी धाकू गवताचा भारा घेऊन हजर.

मामाने कपाळावर हात मारला. पण करतो काय? त्याची मुलगी चांगुणा लग्न करीन तर याच्याशीच म्हणून बसलेली.

"उद्या बंदराचे मोठे साहेब टग तपासायला येणार आहेत," मामा म्हणाला. "त्यांनी तुला नोकरीत कायम केलं, तर मांडव घालतो. नाहीतर चांगुणाचं नाव काढायचं नाही."

"बरं मामा."

सकाळी जहाज आलं. मामा म्हणाला, "दोर टाक." धाकूने टाकला. अख्खा. दोर गेला तो गेलाच.

"अरे शहाण्या, आधी एक टोक आपल्या खुंट्याला बांधावं, मग टाकावं!"

"बरं मामा."

दुपारी चांगुणा धक्क्यावर जेवणाचा रिकामा डबा परत न्यायला आली. मामा म्हणाला, "तिच्याकडे डबा टाक रे." धाकूने डबा दोरीने खुंट्याला बांधला, मग टाकला. चांगुणाने झेलला. ती ओढतेय, डबा काही येईना. पाण्यात पडता पडता वाचली बिचारी.

"अरे, समोरच्याने धरलं की आपण सोडावं!"

"बरं मामा."

तेवढ्यात साहेब आले. अंगाने भरभक्कम. त्यांनी टगची लांबी मोजली, इंजिन ऐकलं. मामा रंगात येऊन सांगू लागला, "साहेब, आमची टग नुसती ओढत नाही. मोठं धूड धक्क्यापाशी अडलं, की मागून नाक लावते नि हळूच रेटते."

धाकूने हेही नीट लक्षात ठेवलं.

परत जाताना साहेब टगच्या काठावर थबकले. धक्का हातभर लांब होता. मोठं धूड अडलं होतं. धाकूने मागून नाक लावलं नि हळूच रेटलं.

साहेब पाण्यात.

"दोर टाक!" मामा किंचाळला.

आणि काय सांगावं, धाकूने आधी एक टोक खुंट्याला बांधलं, मग दोर टाकला. साहेबांनी धरला. मामाला भरून आलं. "शिकलास रे भाच्या," तो म्हणाला.

धाकूने पाहिलं. समोरच्याने धरलं होतं. त्याने खुंट्यावरची गाठ सोडली.

ओहोटी लागली होती. साहेब दोरासकट खाडीच्या तोंडाकडे निघाले. पोहता येत होतं म्हणून बरं. एक हात वर करून जोरजोरात हलवत होते. धाकूनेही हात हलवला, अगदी दिसेनासे होईपर्यंत.

मग वळून म्हणाला, "मामा, आता मांडव घाला. साहेब हात करत गेले, नाही म्हणाले नाहीत."