शेवटची कळ

मैथिलीला वाटलं होतं, टेकडीवर शांतता असेल. अक्का डोळे मिटून बसलेल्या असतील आणि आपण त्यांच्या पायाशी बसून एक खोल प्रश्न विचारू. तो प्रश्न तिनं एडिंबरापासून जपून आणला होता.

प्रत्यक्षात टेकडीवर पत्र्याची एक खोली होती, दारात पिवळी कण्हेर होती, आणि उंबऱ्यावर बसलेल्या गोदाक्का हातातल्या जुन्या स्मार्टफोनला झापत होत्या.

“दाबलं सात, वाजला मघाचा दोन! मेल्या, म्हातारा तू झालास का मी?”

गोदाक्कांची सगळी नोकरी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या इथं येऊन राहिल्या, पण जोडण्याचं काम काही सुटलं नाही. ज्यांचं कुणाशी बोलणं तुटलंय, अशी माणसं टेकडी चढून येत. अक्का उपदेश करत नसत. पलीकडच्या माणसाचा नंबर विचारत आणि स्वतः लावून देत. एवढंच.

हे ऐकूनच मैथिली आली होती.

“अक्का, मला शिष्या करून घ्या.”

“कशाला गं?”

“माणसं जोडायचीत मला. तिकडची नोकरी सोडून आलेय. तुमचं हे काम गावोगाव न्यायचंय.”

“तिकडं काय शिकलीस?”

“फोनमधलंच.”

“मग आधी ह्याला बघ. शिष्येचं मागाहून बघू. कळ दाबली की आकडा उमटायला वेळ, आणि आवाज त्याच्याही मागून, वरातीत नाचत आल्यासारखा.”

मैथिलीनं फोन हातात घेतला. सुप्रभाताच्या चित्रांनी तो ठासून भरला होता. ती तिनं पुसली. फोन लावायच्या ॲपमध्ये साठलेला जुना कचरा साफ केला. पडद्यावरची सरकासरकी बंद केली, कळांचा आवाज बंद केला, थरथरही बंद केली. मग फोन एकदा बंद करून पुन्हा चालू केला.

“आता दाबा.”

अक्कांनी बोटं फिरवली. आकडे बोटांखालून भराभर पळाले.

“अगं, पळतोय की हा!” अक्का म्हणाल्या. “पण मुका झाला.”

“आवाजही अडवत होता त्याला. आणि आकडे दिसतात ना, अक्का? मग आवाजाचं काम काय?”

अक्कांनी फोन कानाशी नेऊन पुन्हा एक कळ दाबून पाहिली.

तेवढ्यात दस्तगीर टेकडी चढून आला. तंबोरे बनवणारा माणूस. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून थोरल्या भावाशी त्याचं बोलणं तुटलं होतं. याआधीही तो येऊन गेला होता, आणि दर वेळी नंबर अर्धा झाला की उठून गेला होता.

“आज लावाच, अक्का. आज नाही उठत.”

तो भिंतीला टेकून बसला, डोळे घट्ट मिटून. अक्का कळा दाबू लागल्या. दस्तगीर कान देऊन वाट बघत राहिला.

“लावताय ना?” त्यानं विचारलं.

“हॅलो?” फोनमधून भाऊ म्हणाला.

दस्तगीर विंचू चावल्यासारखा उठला. त्यानं फोनकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि चपला हातात घेऊन उतरणीला लागला.

खाली वळणावर पोचल्यावर ओरडला, “अहो, वाजवून तरी सांगायचं, कुठवर आलात ते!”

मैथिलीचे कान लाल झाले.

“मी सगळं होतं तसं करून देते.”

“होतं तसं कशाला? नीट केलायस तो. चांगलंच केलंस. आवाज तेवढा परत दे.”

तिनं आवाज परत दिला. साफ केलेल्या फोनला आता तो जड जात नव्हता. कळ दाबली की त्याच क्षणी सूर उमटे.

अक्कांनी फोन मांजरासारखा थोपटला.

“इतके दिवस हा कळ काढत होता. आता माझी पाळी.” मग त्या मैथिलीकडे वळल्या. “हं. नंबर सांग.”

“कुणाचा?”

“माणसं जोडणार ना तू? तुझं कुणाशी तुटलंय?”

“कुणाशीच नाही.”

“आईला माहीत आहे, तू इथं आलीस ते?”

“आईशी रोज बोलते मी.”

“कुठून बोलतेस म्हणून सांगतेस?”

“तिकडूनच.” मैथिलीचा आवाज खाली आला. “तिकडचाच नंबर दिसतो तिला. परवा मीच म्हणाले, बर्फ पडतोय.”

अक्कांनी मान वर करून तापलेल्या पत्र्याकडे पाहिलं.

“बराच पडला वाटतं.”

मैथिलीला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरले.

“अकोल्याच्या आमच्या गल्लीत आईनं घराघरात सांगितलंय, माझी पोरगी तिकडंच राहणार म्हणून. मी परत आले म्हटल्यावर तिला वाटेल, हरून आले. मी हरून नाही आले, अक्का. आधी काहीतरी करून दाखवते, मग सांगते.”

“नंबर सांग.”

मैथिलीनं सांगायला सुरुवात केली. अक्का एकेक कळ दाबत गेल्या. सूर वाजे, आणि तो विरेपर्यंत अक्का पुढची कळ दाबत नसत. नुसत्या तिच्याकडे बघत. प्रत्येक सुरासरशी अकोल्याचं घर जवळ येत होतं. जिना… दारावरचं तोरण… ओट्याशी पाठमोरी आई…

शेवटचा आकडा सांगून झाला, आणि अक्कांनी तो दाबायच्या आत मैथिलीनं पडद्यावर तळहात आडवा धरला.

“इथला नंबर दिसेल तिला.”

“दिसेल.”

“तिला सांगू काय मी?”

अक्कांनी फोन दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

“एक कळ राहिलीय. ती माझी नव्हे.”

आणि त्या भात टाकायला आत निघून गेल्या.

सकाळी मैथिली उठली ती ठरवूनच. एडिंबरापासून आणलेला प्रश्न तिला आता विचारायचा नव्हता. शिष्या करून घ्या, असंही म्हणायचं नव्हतं.

दारात दस्तगीर येऊन बसला होता. केस विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा.

“तुमचं होऊ द्या, ताई. मग माझं.”

तिनं फोन उचलला. कालचे आकडे तसेच थांबलेले होते. तिनं शेवटची कळ दाबली. सूर लख्ख वाजला. तो विरू दिला, मग फोन लावला.

“कोण बोलतंय?”

“आई, मी. मी परत आलेय गं. इथं मिरजेजवळ आहे. पुष्कळ दिवस झाले… बर्फाचं खोटं होतं.”

पलीकडून आवाज आला नाही. फोन कटही झाला नाही. कुकरची एक शिट्टी ऐकू आली, तीही थांबली.

मैथिलीच्या ओठांवर सगळं एकदम आलं. नोकरी का सोडली, काय करणार, गावोगाव कशी जाणार. सगळं मुद्देसूद, पटेल असं. तिनं तोंड उघडलं.

कण्हेरीची फुलं काढता काढता, मागं न बघता, अक्का म्हणाल्या,

“जरा कळ काढ.”