तिसऱ्या उतारापलीकडचा मुकुट

एका राज्यात डोंगर बारा महिने पांढरा असे, आणि माघारी फिरणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा होता. चोराला दंड होई, खुन्याला तुरुंग. पण डोंगरातून हात हलवत परतलेल्याच्या तोंडाला त्याच्या घरच्याच बाईने चुलीची काजळी फासायची, असा रिवाज होता. मोठा शूरांचा मुलूख तो!

एकदा एक मांत्रिक खिंडीतून माघारी आला. बर्फ कोसळणार हे त्याने ओळखलं होतं. लोकांनी त्याचंही तोंड काळं केलं. तेव्हा त्याने राजमुकुट मंत्राने उडवला, तिसऱ्या उतारापलीकडच्या खडकावर ठेवला आणि शाप दिला, "परतायची लाज वाटते ना? मग दर चैत्रात या मुकुटापायी डोंगर तुमचं एक माणूस घेईल. गादीवरचा राजा मुकुट डोळ्यांसमोर असताना आपणहून माघारी फिरेल, त्या दिवशी शाप सुटेल."

उपाय सगळ्यांना पाठ होता. साठ वर्षांत एकाही राजाने तो केला नाही. त्यांनी मुकुट आणायला जायची घरागणिक पाळी लावून दिली आणि माणसं जात राहिली.

यंदा पाळी राजवाड्याची होती. राजपुत्र सात वर्षांचा, म्हणून राजा चंद्रपाळ स्वतः निघाला. वाट दाखवायला त्याने हौसाला बोलावलं. तिच्या घराण्याला डोंगराची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

"महाराज, तीन गोष्टी पाळाल?"

"बोल."

"सूर्याच्या आधी निघायचं. उतारावर एका वेळी एकानेच चालायचं. आणि मी परत म्हटलं की परतायचं."

"पहिल्या दोन कबूल," राजा म्हणाला.

दोघांनी कमरेला वीस-वीस हात लाल दोरी बांधली. माणूस गाडला गेला तरी दोरीचं टोक वर राहतं, मग कुठे खणायचं ते कळतं. पहिला उतार रात्रीच्या थंडीने दगडासारखा झाला होता. टाचेची खूणही उमटत नव्हती. दुसऱ्या उतारावर वाऱ्याने रचलेली बर्फाची वळचण माथ्यावरून लोंबत होती. तिच्याखालून आधी हौसा गेली आणि खडकाआड थांबून राजावर नजर ठेवून राहिली. मग राजा आला.

तिसऱ्या उताराशी पोचेपर्यंत ऊन चढलं. बर्फ आधी घोट्याला लागला, मग गुडघ्याला. वरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज झाला. समोर शंभर पावलांवर मुकुट झळकत होता.

मागे उताराच्या कडेला एका खडकावर चकोर बसला होता. त्या डोंगरातले चकोर बोलत असत.

"हा उतार आज पडणार," चकोर म्हणाला.

"परत, महाराज," हौसा म्हणाली.

"शंभर पावलं उरली आहेत. आता परतलो तर माझं तोंड काळं होईल."

हौसा त्याच्या वाटेत उभी राहिली. "गेल्या चैत्रात माझा धाकटा भाऊ रायाजी इथूनच परतला होता. दारात उभा राहून म्हणाला, अक्का, बर्फ गुडघ्याला लागत होता. मी म्हटलं, मग पाय लांब करायचे होतेस! आणि या हाताने काजळी फासली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांना दिसावं म्हणून, तो पुन्हा वर आला. डोंगराने नाही मारलं त्याला, महाराज. मी मारलं."

राजा मुकुटाकडे बघत राहिला. जाऊ दे याला, असं क्षणभर हौसाच्या मनात आलं. राजवाड्यालाही कळू दे. त्या विचाराची तिला पुढे जन्मभर शरम वाटली.

"काजळी राणीच फासेल?" राजाने विचारलं.

"रिवाज आहे."

 राजाने मुकुटाकडे पाठ केली आणि तो माघारी चालू लागला. दोघं चकोराच्या खडकाआड पोचली तोच तिसरा उतार गडगडत खाली गेला. पलीकडच्या खडकासकट मुकुटही गेला.

"सुटला शाप," चकोर म्हणाला आणि चोचीने पिसं साफ करू लागला.

वेशीवर राणी काजळीची वाटी घेऊन उभी होती.  पण प्रधान हुशार. राजा दिसताच तो ओरडला, "महाराजांनी शाप तोडला! काय हा विवेक! काय ही दूरदृष्टी!" वाटी कुणीतरी गुपचूप काढून नेली. नगारे झडले, हत्तीवरून साखर वाटली. काल जे भेकडपण होतं, त्याला आज लोक शहाणपण म्हणू लागले. हौसाने कानांत बोटं घातली.

राजा वाईट नव्हता. काजळीचा रिवाज त्याने त्याच दिवशी मोडला आणि ऊन चढल्यावर उतारावर कुणी जायचं नाही, असा हुकूम काढला. मग म्हणाला, "हौसा, माग."

"दवंडीत रायाजीचं नाव घाला, महाराज. आधी तो परतला होता."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान खाकरला. "राजाच्या आधी दुसऱ्याचं नाव कसं घेता येईल?"

दवंडी एकट्या राजाच्या नावाने फिरली. हौसाला सोन्याची पाटली मात्र त्याच दिवशी मिळाली.

खिंड व्यापाराला खुली झाली, राज्याची घडी बसली. पुढच्या चैत्रात पाच व्यापारी तिसऱ्या उतारावरून माघारी आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, पण जिवंत. हौसाने दार उघडलं, शेकोटीजवळ बसवलं, कढत पेज वाढली.

"राजाची पुण्याई," पेज फुंकत त्यांतला एक म्हणाला. "त्याच्याआधी माघारी फिरायची कुणाची छाती होती?"

"रायाजी फिरला होता," हौसा म्हणाली.

"कोण रायाजी?" त्याने विचारलं, आणि आणखी पेजेसाठी वाडगा पुढे केला.

हौसाने वाडगा भरला. मग त्याच्यासमोर बसून तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, काजळीसकट.

राजा जसा घरी आला, तसे तुमचे आमचे सगळे घरी येवोत, आणि घरच्यांनी त्यांना आत घ्यावं.